हट्टी लेकराला वळण: आधी काय, मग काय, आणि गाडं कुठे अडतं

मार, धाक आणि लालूच यांच्याशिवाय लहान मुलाला वळण लावता येतं, हे आता बऱ्याच आईवडिलांना पटलेलं असतं. तरी महिनाभरात "आमच्याकडे हे काही चालत नाही" म्हणून सोडून देणारेही पुष्कळ. त्यांची गाडी बहुधा क्रमात अडते. मूल फरशीवर लोळून रडायला लागलं की समजावणं सुरू होतं, आणि ते शांत झालं की सगळे आपापल्या कामाला लागतात. खरं काम मूल शांत असतानाच करायचं असतं. रडण्याच्या ऐन भरात करण्यासारखं फार थोडं उरतं.

खालचे टप्पे २ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आहेत आणि ते याच क्रमाने करायचे आहेत. पहिल्या तीन टप्प्यांना दोनेक आठवडे द्या. फरक दिसायला तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. सहाव्या टप्प्यापासून सुरुवात केली, तर नुसत्या शिक्षा उरतात.

आधी घरातल्या मोठ्यांचं जमवा

मूल झोपल्यावर घरातली सगळी मोठी माणसं एकत्र बसा. आई, बाबा, आजी, आबाजी आणि दिवसा मूल सांभाळणारी बाई, सगळ्यांना बोलवा. पाळणाघरात जात असेल तर तिथल्या ताईंनाही नंतर हेच सांगायचं आहे. बैठकीत फक्त तीन गोष्टी ठरवा.

पहिली, घराचे नियम. तीनच ठेवा आणि "काय करायचं" अशा भाषेत लिहा: हात मदतीसाठी, जेवण बसून, रस्त्यावर मोठ्यांचं बोट धरून. दहा नियमांची यादी तीन वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाही, मोठ्यांच्याही राहत नाही.

दुसरी, तडजोड नसलेल्या गोष्टी. नागपुरात यात कूलर पहिला. उन्हाळ्यात चालू कूलरच्या लोखंडी अंगात करंट उतरून अपघात होतात, त्यामुळे "कूलरला हात नाही" यावर चर्चा, पर्याय, स्टिकर काहीही नाही. मूल तिकडे गेलं की उचलून बाजूला घ्यायचं. शिवाय कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढा. वायरिंगचं काम मुलाच्या शिस्तीवर सोडू नका. गॅस, रस्ता, गच्चीचा कठडा आणि संक्रांतीच्या दिवसांत मांजा हेही याच यादीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा मोडते: ज्याने सूचना दिली, त्यानेच ती पूर्ण करून घ्यायची. आई "मोबाईल ठेव" म्हणते, पोरगं रडतं आणि आतून आवाज येतो, "लेकरू रडून राह्यलं ना वो, देऊन दे दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत आईचा आठवडा वाया जातो. आजीला गप्प बसवायची गरज नाही, तिला काम द्या. रडणं थांबल्यावर जवळ घेणं, पाणी देणं, गोष्ट सांगणं हा तिचा वाटा. मतभेद असेल तर तो मुलासमोर बोलायचा नाही, रात्री बोलायचा.

तपासून पाहा: "याने दुसऱ्याला मारलं तर तुम्ही काय कराल?" हा प्रश्न प्रत्येकाला वेगवेगळा विचारा. उत्तरं जुळत नसतील तर बैठक पुन्हा घ्या.

टप्पा १: एकच वागणूक निवडा आणि सात दिवस टिपा

"फार त्रास देतो" ही वागणूक नव्हे. ती डोळ्यांना दिसली पाहिजे आणि मोजता आली पाहिजे: धाकट्या बहिणीला चावतो, मोबाईल घेतला की वस्तू फेकतो, ताटावरून पाच वेळा उठतो. त्यातली सगळ्यात नडणारी एक निवडा. बाकीच्या गोष्टींना सध्या सूट. सगळं एकदम सुधारायला निघालं की घरात दिवसभर "नको, नको" एवढंच ऐकू येतं आणि मूल ते ऐकणंच सोडतं.

वहीत तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर लगेच मोठ्यांनी काय केलं. बाजूला वेळ लिहा. सात दिवस वागायची पद्धत बदलू नका, फक्त लिहा. (कोणाला इजा होत असेल तर अर्थातच थांबवा.)

एका नोंदीचा नमुना असा: "संध्या. ७.१०. आई पोळ्या करत होती, मी फोनवर. रिमोट फेकला. मी फोन ठेवून रागावलो, मग मांडीवर घेतलं."

तिसरा रकाना नीट वाचा. त्या मुलाला फोनवरचा बाबा मिळाला, तोही मांडीसकट. रिमोट फेकणं कामी आलं. सात दिवसांच्या नोंदींत असे धागे आपोआप दिसतात: बहुतेक प्रसंग संध्याकाळी सात ते आठमध्येच का, एकाच माणसासमोर का, दुपारची झोप झाली नाही त्याच दिवशी का.

खबरदारी: तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. "नेहमीप्रमाणे समजावलं" असं लिहू नका. ओरडलात तर ओरडलो लिहा, चॉकलेट दिलं तर चॉकलेट लिहा. पुढचं सगळं याच रकान्यावर उभं आहे.

टप्पा २: भूक, झोप, ऊन आणि पडदा (मोबाईल, टीव्ही)

वही समोर ठेवून आधी मुलाच्या भोवतालच्या गोष्टी बदला. कित्येक घरांत निम्मं भांडण इथेच मिटतं.

झोप: १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. रात्री साडेअकराला झोपून सकाळी सातला शाळेच्या व्हॅनसाठी उठणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची झोप दुपारची धरूनही अपुरी पडते. झोपायची वेळ एकदम दोन तास मागे ओढू नका. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. ही सरकवासरकवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू केली तर पहिल्या दिवशीची रडारड कमी होते.

भूक आणि तहान: संध्याकाळी साडेपाच-सहाला खाणं नक्की असू द्या: पोहे, शिरा, केळं, गूळ-पोळी, काहीही चालेल. भूक लागलेल्या मुलाला साडेआठपर्यंत थांबवायचं आणि मधे कुरकुरलं की बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा, ही सवय बऱ्याच घरांत नकळत लागते. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा किरकिर ही पुष्कळदा तहान असते. या वयाचं मूल खेळात असलं की पाणी मागत नाही. दर तासाला आपणहून पाणी, पन्हं किंवा ताक पुढे करा.

हालचाल: ३-४ वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास तरी हलतं-फिरतं असावं, त्यातला एक तास चांगला धावपळीचा. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाहेर सोडणं शक्य नाही, मग ती ताकद सोफ्यावर आणि भावंडांवर निघते. सकाळी सहा ते आठ मैदान किंवा जवळची बाग, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पुन्हा तासभर. मधल्या दुपारी कूलरच्या खोलीत गाद्या खाली टाकून उड्या, बादलीत पाणी आणि वाट्या, जुन्या साड्यांचा तंबू.

पडदा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून लहानांना पडदा नकोच. पण भांडण बहुधा किती वेळ यावरून होत नाही, बंद करण्यावरून होतं. त्यामुळे आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. व्हिडिओच्या मधे मोबाईल हिसकावू नका, तो संपू द्या. "दहा मिनिटांनी बंद" याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी अर्थ नाही. "हे गाणं संपलं की बंद, आणि बटण तू दाबायचं" हे कळतं. बंद झाल्यावर लगेच काय, तेही आधीच ठरलेलं हवं: आंघोळ, खाली खेळायला, आजीसोबत शेंगा सोलायला.

तपासून पाहा: या टप्प्याला एक आठवडा द्या आणि वहीतले प्रसंग पुन्हा मोजा. निम्मे झाले असतील तर पाचवा आणि सहावा टप्पा कदाचित लागणारही नाही.

टप्पा ३: रोजची १० मिनिटं आणि नेमकं कौतुक

हा टप्पा वगळला जातो, कारण तो बिनमहत्त्वाचा वाटतो. पुढे सूचना ऐकण्याची आणि मर्यादा मानण्याची तयारी मात्र इथेच होते.

दिवसातली १० मिनिटं, एक मोठं माणूस, एक मूल. फोन दुसऱ्या खोलीत. खेळ मुलाने निवडायचा आणि चालवायचाही त्यानेच. तुम्ही शिकवायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही. "हा कोणता रंग? सांग बरं" हेही नको. ते करतं आहे ते साध्या शब्दांत बोला: "तू लाल गाडी निळ्याच्या मागे लावलीस. आता पूल बांधतोस वाटतं." दहा मिनिटं झाली की सांगून उठा.

वाईट दिवशीही ही वेळ कापायची नाही. "आज ताईला मारलंस, म्हणून आज खेळणार नाही" असं केलं की तो वेळ बक्षीस होतो आणि त्याचा उपयोग संपतो.

मग कौतुक. "शहाणं बाळ", "गुड बॉय" यातून मुलाला कळत नाही की नेमकं काय बरं झालं. वागणूक नाव घेऊन सांगा: "चपला कोपऱ्यात ठेवल्यास", "ताईचा झोका संपेपर्यंत थांबलास", "राग आला तरी हात खाली ठेवलेस." वागणूक घडल्यावर लगेच बोला, रात्री जेवताना नको. निवडलेल्या वागणुकीच्या नेमकं उलट काय ते शोधा आणि ते दिसलं रे दिसलं की बोला. बहिणीला चावत असेल तर बहिणीशेजारी शांत बसलेली अर्धी मिनिटंसुद्धा टिपायची.

कौतुकाला शेपूट जोडू नका. "आज छान जेवलीस, रोज का नाही जेवत अशी?" यातला पहिला भाग मुलाला ऐकूच येत नाही.

स्टिकरचा तक्ता वापरायचा असेल तर तीन वर्षांनंतर. एकच वागणूक आणि त्याच दिवशी स्टिकर. मिळालेला स्टिकर नंतरच्या चुकीसाठी काढायचा नाही. पाच झाले की लहानसं काही: एक जास्तीची गोष्ट, धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कची चक्कर. महागडी खेळणी नकोत. दोन-तीन आठवड्यांत वागणूक बसली की तक्ता हळूहळू बंद करा. आणि फरक लक्षात ठेवा: आधी ठरवून नंतर दिलं ते बक्षीस, रडणं थांबवायला मधेच दिली ती लाच. लाचेतून मूल एवढंच शिकतं की रडायला सुरुवात केली की भाव ठरतो.

टप्पा ४: सूचना द्यायची रीत

स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत ओरडून दिलेली सूचना या वयात पोचत नाही. मूल ऐकत नसतं असं नाही, पण हातातल्या खेळावरून लक्ष काढून घ्यायला त्याला वेळ लागतो. म्हणून हा क्रम पाळा.

१. मुलापासून हातभर अंतरावर जा आणि गुडघ्यावर बसा.
२. नाव घ्या, नजर मिळेपर्यंत थांबा. हवं तर खांद्यावर हात ठेवा.
३. एका वेळी एकच गोष्ट सांगा. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला "खेळणी उचल, हात धू आणि ताटावर ये" ही तीन कामं एकदम झेपत नाहीत.
४. काय करायचं ते सांगा. "पळू नको"ऐवजी "माझं बोट धरून चाल". "सांडू नको"ऐवजी "पेला दोन्ही हातांनी धर". "ओरडू नको"ऐवजी "हळू आवाजात सांग".
५. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. मधे काही बोलू नका. इथे बहुतेक मोठी माणसं घाई करतात आणि तीच सूचना चार वेळा म्हणतात. मग मूल शिकतं की पाचव्या वेळेलाच उठायचं असतं.
६. झालं नाही तर तेच शब्द एकदा पुन्हा.
७. तरी नाही, तर हात धरून सोबत करा. "चल, मी पहिला ठोकळा ठेवते, दुसरा तू." काम पूर्ण झालं की साधं कौतुक.

नकार चालणार नसेल तर प्रश्न विचारू नका. "जेवतोस का?" याला "नाही" हे बरोबर उत्तर आहे. "आता जेवण. लाल ताटली की स्टीलची?" असं विचारा. पर्याय दोनच आणि दोन्ही तुम्हाला चालणारे. तिसरा मागितला तर "दोनच आहेत" म्हणा आणि थांबा. निवडलं नाही तर तुम्ही निवडा.

खबरदारी: पोलीस येईल, डॉक्टर सुई टोचतील, बागुलबुवा नेईल, "मी तुला सोडून जाते" या धमक्या पहिल्या दिवशी चालतात. नंतर मूल दवाखान्यात टेबलावर झोपत नाही आणि आई नजरेआड झाली की घाबरतं. पुन्हा पोलीस कधी येतच नाही, म्हणजे मोठ्यांचं बोलणं खोटं हेही ते शिकतं.

टप्पा ५: कशाकडे दुर्लक्ष करायचं

किरकिर, मुद्दाम वेडंवाकडं तोंड, "पी-पी" सारखे शब्द, नसती भुणभुण. कोणाला इजा नाही, वस्तू मोडत नाही आणि तुमचं लक्ष मिळावं म्हणूनच चाललं आहे, असं असेल तरच दुर्लक्ष करायचं. मारणं, चावणं, रस्त्याकडे धावणं याकडे कधीही नाही. भीतीने किंवा दुखण्याने रडणाऱ्या मुलाकडेही नाही.

दुर्लक्ष म्हणजे तोंड वळवायचं, चेहरा कोरा, हातातलं काम चालू. "बघ, मी तुझ्याकडे लक्षच देत नाहीये" असं सांगणं हेही लक्षच झालं. किरकिर पाच-दहा सेकंद थांबली रे थांबली की लगेच वळा आणि साध्या आवाजात बोला. हा दुसरा भाग विसरला तर मुलाच्या वाट्याला नुसती उपेक्षा येते.

सुरू केल्यावर दोन-चार दिवस किरकिर वाढते. इतके दिवस चालणारं बटण चालेना, म्हणून मूल ते जोरात दाबून पाहतं. नेमकं तिसऱ्या दिवशी, आवाज टिपेला गेल्यावर कोणीतरी हार मानतं, आणि मूल शिकतं की एवढं जोरात रडलं तरच मिळतं. ते दोन-चार दिवस काढण्याची घरच्यांची तयारी नसेल तर हा टप्पा अजून सुरू करू नका. पाहुणे येणार असतील, लग्नघर असेल, परीक्षेला बसलेली ताई असेल, तर आठवडा पुढे ढकला.

टप्पा ६: वागणुकीचा परिणाम

परिणाम लहान हवा, लगेच हवा आणि चुकीशी जोडलेला हवा. गाडी फेकली तर गाडी दहा मिनिटं कपाटात. पाणी मुद्दाम सांडलं तर फडक्याने पुसायचं, तुमच्या मदतीने. झोक्यावर ढकललं तर झोका त्या फेरीपुरता बंद. आधी एकदाच सूचना: "पुन्हा फेकलीस तर गाडी कपाटात." दुसऱ्यांदा झालं की बोलल्याप्रमाणे करा, भाषण न देता. दहा मिनिटांनी गाडी परत द्या आणि नीट खेळायची संधी द्या. परत दिली नाही तर शिकलेलं वापरून बघायला त्याला जागाच उरत नाही.

"आता रविवारी बागेत नेणार नाही" हा परिणाम निकामी आहे. मंगळवारच्या चुकीचा रविवारशी संबंध चार वर्षांच्या मुलाला लागत नाही. शिवाय रविवारी बाबाच कंटाळून नेतात.

मारणं आणि चावणं यांसाठी "शांत बसणं" वापरता येतं, पण तीन वर्षांनंतरच. जागा उजेडाची आणि दिसणारी हवी: बैठकीतला कोपरा, एक पाट. वेळ २ ते ३ मिनिटं. शेवटचे काही क्षण शांत गेले की उठवा. अंधारी खोली, बाथरूम, बाल्कनी, दार लावून बाहेर उभं करणं यांपैकी काहीही नको. त्याने भीती बसते, वळण लागत नाही. तीन वर्षांखालचं मूल असेल तर ज्याला लागलं त्याला आधी जवळ घ्या, मग मारणाऱ्याचा हात धरून "हात खाली. मारलं की दुखतं" एवढं म्हणा आणि त्याच्यासोबत बाजूला बसा.

चापट मारल्याने मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून ती कामाची वाटते. पण मारू नको हे मारून शिकवता येत नाही, आणि पुढच्या वेळी तेवढाच परिणाम साधायला चापट जोरात लागते. हात उठतोय असं वाटलं तर मूल सुरक्षित जागी ठेवा, दुसऱ्या मोठ्याला हाक मारा, स्वतः पाणी प्यायला जा.

टप्पा ७: आकांडतांडव सुरू झालंच तर

या वेळी मुलाला काही शिकवता येत नाही. उद्देश एकच, कोणाला न लागता हे सरू देणं.

१. आजूबाजूच्या टोकदार, काचेच्या वस्तू हलवा.
२. जवळ बसा. जवळ घेतलेलं चालत असेल तर घ्या, ढकलत असेल तर हातभर लांब.
३. पाच-सहा शब्दांचं एकच वाक्य: "राग आलाय. मी इथेच आहे." अधूनमधून तेच, बाकी शांतता.
४. ज्या गोष्टीसाठी रडणं सुरू झालं ती द्यायची नाही. नवा सौदाही नाही.
५. श्वास संथ झाला की पाणी, तोंड पुसणं, कुशी.
६. मग एक वाक्य: "मोबाईल बंद झाला म्हणून राग आला. राग आला की मला हाक मार, फेकायचं नाही."
७. राहिलेली मूळ सूचना लहान करून पूर्ण करून घ्या. दहा ठोकळे उचलायचे होते तर दोन. ही पायरी सुटली की रडून काम टळतं.

रडता रडता श्वास अडकून निळं पडणारी मुलं असतात. त्या वेळी मुलाला कुशीवर आडवं करा. तोंडावर पाणी मारू नका, हलवू नका, तोंडात बोट-चमचा काही घालू नका. श्वास बहुधा मिनिटभरात परत येतो. लांबला, शुद्ध लवकर आली नाही किंवा झटके आले तर लगेच दवाखाना. असं पहिल्यांदा झालं तर सगळं ठीक वाटलं तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. काही मुलांत लोहाची कमतरता निघते आणि ती भरून काढल्यावर हे कमी होतं. पण "निळं पडतं" या धास्तीने हट्ट पुरवत गेलात तर हट्ट वाढतो.

टप्पा ८: घराबाहेर

घरात तीन आठवडे जमल्याशिवाय रविवारच्या बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गर्दीत परीक्षा घेऊ नका. आधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाच मिनिटं.

निघण्यापूर्वी पोट भरलेलं, झोप झालेली, शू झालेली हवी. दारातच तीन वाक्यं: "आपण चपला घ्यायला चाललो. खेळणी आज नाही. दुकानात तू पिशवी धरायची." काम दिलं की हात मोकळे राहत नाहीत. पाणी आणि कोरडा खाऊ जवळ ठेवा. बाजारात रडणं सुरू झालं तर उचलून गर्दीबाहेर, कडेच्या पायरीवर, आणि सातव्या टप्प्यातला क्रम. भोवती जमलेल्यांपैकी कोणी "घेऊन द्या ना काहीतरी" म्हणणारच. त्यांच्याकडे बघून हसा, घेऊन देऊ नका. दहा मिनिटांत शांत झालं नाही तर खरेदी सोडून घरी या.

सणासमारंभासाठी तालीम घ्या. तान्ह्या पोळ्याचंच, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाचंच बघा: नवे टोचणारे कपडे, फेटा, दमट गर्मी, तासभर रांग, आणि मग अनोळखी घरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायचा. यात मूल बिथरलं तर नवल नाही. दोन दिवस आधी घरातल्या घरात खेळा. लाकडी बैल ओढत दाराशी ये, थांब, बोजारा दोन्ही हातांनी घे, नमस्कार कर, पुढच्या दारी. फेटा अर्धा तास घालून बघा. टोचत असेल तर तेव्हाच कळेल. चार-पाच घरं झाली की परत, मूल हसतखेळत असतानाच.

डॉक्टरांकडे कधी जायचं

यात वळणाचा दोष नसतो आणि उशीर केल्याने नुकसान होतं: वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नाही, दोन वर्षांचं झालं तरी "दूध दे" सारखे दोन शब्द जोडत नाही, येत असलेले शब्द गेले, रोज स्वतःचं डोकं आपटून, चावून इजा करून घेतं, चार वर्षांनंतरही रोज अनेकदा, अर्धा-अर्धा तास आकांत चालतो. आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ऐकण्याची तपासणी मागा. नीट ऐकू न येणारं मूल "ऐकत नाही" म्हणून मार खातं, असं होतं. नागपुरात मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स इथे सरकारी बालरोग विभाग आहेत. घरात मुलाला मारहाण होत असेल तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

टप्पा ९: दुसरी वागणूक, आणि मागे घसरणं

पहिली वागणूक सलग दोन आठवडे कमी राहिली की दुसरी हातात घ्या. या वेळी वही सातऐवजी तीन-चार दिवस पुरते, कारण तुमचं निरीक्षण तयार झालेलं असतं. रोजची १० मिनिटं चालूच ठेवा.

ताप, घर बदलणं, नवं बाळ, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे महिनाभर मुक्काम यानंतर जुनी वागणूक परत येते. मामाकडे रात्री बारापर्यंत जागरण आणि हातात मोबाईल असतो, त्यात नवल काही नाही. परत आल्यावर पहिल्याच दिवशी सगळे नियम लावू नका. दोन दिवस फक्त झोप आणि जेवणाच्या वेळा जागेवर आणा, मग तिसरा आणि चौथा टप्पा. सहाव्याची गरज बहुधा आठवडाभर तरी पडत नाही. नवं बाळ आलं असेल तर मोठ्या मुलाची १० मिनिटं बाळ झोपलेलं असताना ठेवा आणि ती बाबांनी किंवा आबाजींनी नव्हे, शक्यतो आईने द्यावीत, कारण त्याला कमी पडलेली असते ती आईच.